बायबल शब्दशः घ्यायचं की प्रतीक म्हणून? नव्यानं वाचायला बसणाऱ्यांसाठी

जालन्याजवळच्या एका वस्तीवर बायबल अभ्यास चालला होता. पेरणाऱ्याचा दृष्टांत वाचून झाला. कुणी एक पेरायला निघाला, काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीवर, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत. पाळकसाहेब अर्थ सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात मागं भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "पाळकसाहेब, ह्यो कसला कुणबी? बियाणं वाटंवर टाकतोय!"

लोक हसले, पण प्रश्न खरा होता. आपल्याकडं पेरणी तिफणीनं होते. चाड्यावर मूठ धरली की बी नळ्यांतून थेट तासात उतरतं. पाऊस दगा देईल आणि दुबार पेरणी करावी लागेल या धास्तीनं जिथं एकेक दाणा जपावा लागतो, तिथं वाटेवर बी सांडणाऱ्याला कुणी शेतात उभं करणार नाही. येशूच्या काळात त्या मुलखात मात्र बी फोकून पेरत. झोळीत हात घालायचा, मूठभर बी भिरकवायचं, पुढं सरकायचं. बरेच अभ्यासक सांगतात, की आधी फोकायचं आणि मग नांगर घालून मातीआड करायचं, अशी तिथली रीत होती. अशा पेरणीत थोडं बी पायवाटेवर आणि थोडं बांधाकडच्या काट्यांत जाणारच. हे कळलं तेव्हा त्या आजोबांचा चेहरा मोकळा झाला. मग "वाटेवर पडलेलं बी म्हणजे ऐकून सोडून देणारी माणसं" हा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

गेली काही वर्षं रविवारी संध्याकाळी मी नव्या वाचकांबरोबर बसतो. नुकताच बाप्तिस्मा घेतलेली पोरं असतात, ख्रिस्ती घरात वाढूनही बायबल कधी न उघडलेले असतात, आणि आहे तरी काय ते बघू म्हणून येणारे शेजारीही असतात. पहिल्याच बैठकीत वाद पेटतो. एक म्हणतो, देवाचं वचन आहे, लिहिलंय तसं अक्षरन् अक्षर घ्यायचं. दुसरा म्हणतो, अहो हे सगळं रूपक आहे. मला दोघांचंही पटत नाही, कारण दोघांनीही वाचायच्या आधीच निकाल दिलेला असतो. हा प्रश्न अख्ख्या बायबलला एकदाच विचारून भागत नाही. तो प्रत्येक उताऱ्याला वेगळा विचारावा लागतो आणि उत्तरही त्या उताऱ्याकडूनच घ्यावं लागतं. कसं, ते आता पायरी-पायरीनं सांगतो.

पहिली पायरी: हातात काय आहे ते बघा

बायबल दिसतं एका जिल्दीत, पण ते कपाटभर ग्रंथ आहेत. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं, जुन्या करारात ३९ आणि नव्यात २७. कॅथलिक बायबलमध्ये ७३. मूळ भाषा हिब्रू आणि ग्रीक, काही भाग अरामी. त्यात राजांच्या वंशावळी आहेत, कायदे आहेत, लग्नाची गाणी आहेत, विलाप आहेत, पत्रं आहेत, स्वप्नं आहेत. सातबारा आणि पाळणा एकाच फाईलमध्ये लावला म्हणून कुणी दोन्ही एकाच चालीवर वाचत नाही.

दोन मराठी भाषांतरं जवळ ठेवा. एक उपासनेत वाचतात ते जुन्या वळणाचं, दुसरं सोप्या मराठीतलं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायामाणसांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून आलं. एका वचनावर अडलात की दोन्ही भाषांतरं शेजारी-शेजारी ठेवून वाचा. भाषांतर करणाऱ्यालाही जागोजागी निवड करावी लागलेली असते, ती तिथं दिसते. "मीच जीवनाची भाकर आहे" असं येशू योहानाच्या ६व्या अध्यायात म्हणतो. काठवटीत थापलेली, चुलीच्या आरावर फुगलेली ज्वारीची भाकर त्याने कधी पाहिली नव्हती. तिथं रोटी गव्हाची किंवा जवाची असे, आणि त्याच अध्यायात एका पोराजवळच्या पाच भाकरी जवाच्या होत्या असं लिहिलंय. तरी "भाकर" हा शब्द मला अगदी बरोबर वाटतो. ज्याच्यावाचून दिवस निघत नाही, त्या अन्नाला आपण दुसरं काय म्हणणार?

दुसरी पायरी: मजकुराची जात ओळखा

हे आपल्याला अजिबात नवीन नाही. पैठणच्या एकनाथांचं विंचवाचं भारूड सुरू झालं, "विंचू चावला" म्हणून सोंग घेणारा लोळू लागला, की मांडवातलं कुणी डॉक्टरला फोन लावत नाही. चावलेला विंचू काम-क्रोधाचा आहे, हे शाळेत न गेलेल्या आजीलाही कळतं. पण त्याच आजीला रात्री गंजीपाशी काही चावलं आणि ती "विंचू चावला गं" म्हणून ओरडली, तर घरचे तिला तसंच उचलून दवाखान्यात नेतात. शब्द तेच आहेत, फक्त एकदा ते भारुडात आलेत आणि एकदा अंगणात.

बायबलच्या बाबतीत हीच नजर वापरा. यशयाच्या ५५व्या अध्यायात झाडं टाळ्या वाजवतात, कारण ती कविता आहे. ९१व्या स्तोत्रात देवाला पंख आहेत, पण देवाला पिसं असतात असं कुणी मानलं नाही. शास्ते या पुस्तकाच्या ९व्या अध्यायात झाडं आपल्यासाठी राजा शोधायला निघतात. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल नकार देतात, कारण त्यांना फळं धरायची असतात. शेवटी काटेझुडूप तयार होतं आणि म्हणतं, या माझ्या सावलीला! काटेझुडपाची सावली ती केवढी! भावांना मारून राजा झालेल्या अबीमलेखाचा वाचलेला भाऊ योथाम, त्याने डोंगरावर उभं राहून गावाला सुनावलेली ही निवडणुकीची गोष्ट आहे. झाडं बोलतात का, असा प्रश्न तिथं कुणाच्या डोक्यात आला नसणार. राजा कोण झालाय, हे सगळ्यांना कळलं.

याच्या उलट लूक आपल्या शुभवर्तमानाची, म्हणजे येशूच्या चरित्राची, सुरुवातच अशी करतो, की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगितलेलं मी मुळापासून नीट शोधून क्रमवार लिहितोय. तो घडलेली गोष्ट सांगतोय. ती पटली नाही तर तसं म्हणायला तुम्ही मोकळे आहात, पण लूक रूपक लिहीत होता असं म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडी आपले शब्द घालणं.

तिसरी पायरी: अर्थ तिथंच दिलाय का, ते शोधा

महानुभावांच्या दृष्टांतपाठात एक फार उपयोगी रीत आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. दृष्टांत म्हणजे गोष्ट, आणि ती गोष्ट ज्यासाठी सांगितली ते दार्ष्टांतिक. मराठी बायबलनेही येशूच्या गोष्टींना "दृष्टांत" हाच शब्द घेतलाय, तेव्हा त्याचं दार्ष्टांतिक त्या पानावर आहे का, ते आधी बघा. पेरणाऱ्याचं मार्क ४ मध्ये लगेच पुढं येतं. दानीएलाच्या ८व्या अध्यायातला दोन शिंगांचा एडका म्हणजे मेदी आणि पारसी राजे, आणि बोकड म्हणजे ग्रीसचा राजा, हे तोच अध्याय सांगतो. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातल्या सात समया म्हणजे सात मंडळ्या, म्हणजे विश्वासणाऱ्यांचे सात समुदाय, हे पहिल्याच अध्यायाच्या शेवटच्या ओळीत आहे.

जिथं दार्ष्टांतिक दिलंय तिथं आपलं घुसवू नका. जिथं नाही, तिथं गोष्टीचा मुख्य रोख धरा आणि बारीकसारीक तपशिलांना अर्थ चिकटवत बसू नका. मोठमोठ्यांना हा मोह आवरलेला नाही. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत लुटारूंनी मारून टाकलेल्या वाटसरूला, यहूद्यांना नकोसा असलेला शोमरोनी माणूस मदत करतो. ऑगस्टीन या जुन्या धर्मपंडिताने मारहाण झालेला माणूस म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान, सराई म्हणजे मंडळी आणि सराईवाला म्हणजे प्रेषित पौल, असं सगळं लावून दाखवलं. वाचायला सुंदर आहे, पण "माझा शेजारी कोण?" या प्रश्नाला येशूने दिलेलं उत्तर त्यात बाजूला पडतं. ज्याच्या हातचं पाणी घ्यायचं नाही असं आपण ठरवलंय, तोच रस्त्यात थांबला आणि त्यानेच जखमा बांधल्या. मराठवाड्यातल्या ज्या वाड्या-वस्त्यांवर शुभवर्तमान आधी पोचलं, तिथल्या माणसांना हा अर्थ कुणी शिकवावा लागला नसेल.

चौथी पायरी: बोलण्याची पद्धत ओळखा

"तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत" म्हटल्यावर कुणी मोजायला बसत नाही. "सतरा वेळा सांगितलं" यातले सतरा आणि "त्यांचा छत्तीसचा आकडा आहे" यातले छत्तीस बेरजेला घ्यायचे नसतात. हिब्रू बोलण्यातही असे आकडे होते. चाळीस दिवस पाऊस, रानात चाळीस वर्षं, एलीयाचे चाळीस दिवस, येशूचे चाळीस दिवस. चाळीस म्हटलं की कसोटीचा पुरा काळ, हे ऐकणाऱ्याला उमगायचं. पेत्र या शिष्याला साताच्या सत्तरपट क्षमा करायला सांगितली, ती हिशेबाची वही ठेवण्यासाठी सांगितलेली नव्हती.

एक वाक्प्रचार मात्र नीट समजून घ्या, कारण त्याच्यापायी घरं मोडलेली मी पाहिलीत. लूक १४:२६ मध्ये (म्हणजे १४वा अध्याय, २६वं वचन) येशू म्हणतो, जो आपल्या आईबापाचा द्वेष करणार नाही तो माझा शिष्य होऊ शकणार नाही. नवा विश्वासात आलेला एक मुलगा हे वाचून आईशी बोलायचाच थांबला. आई रोज डबा करून द्यायची आणि हा डबा घरीच ठेवून जायचा. त्याला मी मत्तय १०:३७ उघडून दिलं. तिथं तेच शिक्षण असं आहे, की जो माझ्यापेक्षा आईबापावर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही. मग उत्पत्ती २९ दाखवलं. याकोबाच्या दोन बायकांपैकी राहेलीवर त्याची लेआपेक्षा जास्त प्रीती होती असं एक ओळ सांगते, आणि पुढचीच ओळ लेआसाठी मुळात "द्वेष" हाच शब्द वापरते. आपल्या जुन्या गोष्टींत एक राणी आवडती असते आणि एक नावडती, तसं हे आहे. "कमी प्रीती" आणि "अधिक प्रीती" हे त्या भाषेत "द्वेष" आणि "प्रीती" असं बोललं जायचं. पोरगं बराच वेळ गप्प होतं, मग घरी गेलं.

मोहरीचा दाणा सगळ्या बियांत बारीक, असं येशू म्हणाला, आणि स्वयंपाकघरातल्या कुणीही यावर हरकत घ्यावी. तळहातावर मोहरीशेजारी चिमूटभर खसखस ठेवून बघा, खसखसच बारीक. पण तो बियांची यादी करत नव्हता. तिथले लोक अगदी लहान गोष्टीला मोहरीएवढी म्हणत, आपण राईचा पर्वत म्हणतो तसं. एवढ्यावरून बायबल खोटं ठरवणारा आणि एवढ्यासाठी वनस्पतिशास्त्राशी भांडणारा, दोघंही त्या दाण्यापाशीच अडकतात आणि त्याचं झाड बघायचं राहून जातं.

पाचवी पायरी: वचन एकटं उचलू नका

माझ्या धाकट्या मावशीला शुगर होती. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकाने प्रार्थनासभेत ९१वं स्तोत्र वाचलं: व्याधी तुझ्या तंबूजवळ येणार नाही, देवदूत तुला हातांवर झेलतील, तुझ्या पायाला धोंड्याची ठेच लागणार नाही. मग तो म्हणाला, ज्याचा यावर विश्वास आहे त्याला गोळ्या कशाला हव्यात? मावशीने गोळ्या बंद केल्या आणि घरात कुणाला सांगितलं नाही. दोन-अडीच महिन्यांनी चपलेच्या अंगठ्याने पायाला साधी जखम झाली. ती भरेना, काळी पडली आणि शेवटी पायाचा अंगठा काढावा लागला. खाटेवर पडल्या पडल्या तिने मला विचारलं, "मग वचन खोटं होतं का रे?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर मत्तयाच्या ४थ्या अध्यायाशी येऊन थबकलो. मंदिराच्या टोकावर उभं राहून येशूला "खाली उडी टाक" म्हणणारा सैतान हेच स्तोत्र म्हणून दाखवतो, हेच देवदूत आणि हीच धोंड्याची ठेच. शब्दात चूक नाही. येशू त्याला उत्तर देतो ते अनुवाद नावाच्या पुस्तकातलं (६:१६): परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. म्हणजे एका वचनाला दुसऱ्या वचनाशेजारी ठेवून त्याची जागा दाखवतो. ९१वं स्तोत्र हे संकटात देवाच्या कुशीत शिरलेल्या माणसाचं गाणं आहे. आई लेकराला "तुला काही होऊ देणार नाही" म्हणते, ते लेकराला खरंच हवं असतं आणि आईही ते मनापासून म्हणते. पण तेवढ्यावर लेकरू विहिरीच्या कठड्यावरून चालत नाही.

मग बाकीची पानं उघडा. ३४वं स्तोत्र म्हणतं, नीतिमानाला फार कष्ट होतात. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, आणि काटा राहिला. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता, त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली, आणि यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप बांधायला लावला. एकाच खोलीत प्रार्थना आहे आणि लेपही आहे. नव्याने वाचणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगतो: एका वचनावरून औषध बंद करायला सांगणारा कितीही मोठा असो, त्याला हिज्कीयाचा लेप दाखवा.

बायबलमधलेच चुकलेले वाचक

योहानाचं शुभवर्तमान वाचताना एक गंमत लक्षात येईल. येशू बोलतो आणि ऐकणारे भलतंच ऐकतात. नव्याने जन्म घ्यावा लागेल म्हटलं तर निकदेम विचारतो, म्हातारा माणूस आईच्या पोटात परत कसा जाणार? हे मंदिर मोडा म्हटलं तर लोक दगडी इमारतीकडं बघतात, तो आपल्या शरीराविषयी बोलत असतो. मेलेला लाजर झोपलाय म्हटलं तर शिष्य म्हणतात, बरं झालं, झोप लागली म्हणजे उतार पडेल.

विहिरीवरची शोमरोनी बाई मला फार जवळची वाटते. मी देईन ते पाणी प्यायलास तर पुन्हा तहान लागणार नाही, असं येशू म्हणाल्याबरोबर ती म्हणते, दादा, ते पाणी मला द्या, म्हणजे इथवर यायची खेप वाचेल. टँकरच्या वाटेकडं डोळे लावून हंडे-कळशा रांगेत मांडणाऱ्या आमच्या बाया हे वाचून हसत नाहीत. "बरोबरच बोलली ती," म्हणतात. ती शब्दशः घेते म्हणून येशू तिला झिडकारत नाही. तिच्या खऱ्या तहानेपासून सुरुवात करून तो तिला पुढं नेतो. ज्याने डोक्यावर पाणी वाहिलं नाही, त्याला जिवंत पाण्याचं प्रतीक अर्धंच कळतं असं मला वाटतं.

सहावी पायरी: जिथं ख्रिस्ती लोकांचंच एकमत नाही, तिथं घाई करू नका

अकरावी सायन्सची पोरं पहिल्या आठवड्यात उत्पत्तीचा पहिला अध्याय काढतात: सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे सहाच का? मी त्यांना अध्याय नीट वाचायला लावतो. उजेड पहिल्या दिवशी झाला आणि सूर्य चौथ्या दिवशी. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशी मोजली? हा प्रश्न डार्विनमुळे आलेला नाही. डार्विनचं पुस्तक १८५९चं, आणि तिसऱ्या शतकात ओरिगेन हा धर्मपंडित हाच प्रश्न विचारून गेलाय. ऑगस्टीननेही (३५४–४३०) या दिवसांवर वर्षानुवर्षं डोकं घातलं, आणि ते आपल्या दिवसांसारखे दिवस असतील हे त्याला पटलं नाही. दुसरीकडं आर्चबिशप अशरने १६५० मध्ये वंशावळींची वर्षं मोजून जगाची निर्मिती इ. स. पू. ४००४ मध्ये झाली असं मांडलं, आणि आजही शब्दशः सहा दिवस मानणारे प्रामाणिक विश्वासणारे पुष्कळ आहेत. कुणी एकेक दिवस म्हणजे युग मानतात. कुणी रचनेकडं बोट दाखवतात: पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात, पुढच्या तिनांत त्या भरतात. पहिल्या दिवशी उजेड तर चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र, दुसऱ्या दिवशी पाणी आणि आकाश तर पाचव्या दिवशी मासे आणि पाखरं, तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन तर सहाव्या दिवशी जनावरं आणि माणूस. मला ही तिसरी वाट सर्वांत पटते. त्यात सूर्याला सूर्य न म्हणता "मोठी ज्योती" म्हटलंय, कारण आजूबाजूचे लोक सूर्याची पूजा करत होते आणि लिहिणाऱ्याला तोही घडवलेलाच आहे हे सांगायचं होतं. पण माझ्या शेजारी बसून सहा दिवस मानणाऱ्या भावाला मी अविश्वासू म्हणत नाही, आणि त्यानेही मला म्हणू नये.

यहोशवाच्या १०व्या अध्यायात सूर्य थांबतो. हे आणि अशी वचनं पुढं करून पृथ्वी फिरते म्हणणाऱ्यांना अडवलं गेलं. गॅलिलिओने १६१५ मध्ये एका पत्रात लिहिलं, की पवित्र आत्म्याला स्वर्गात कसं जायचं ते शिकवायचं आहे, आकाश कसं चालतं ते नव्हे. हे शब्द त्याने एका धर्माधिकाऱ्याकडून ऐकलेले होते. तरी १६३३ मध्ये त्याला शिक्षा झाली. आपणही रोज सूर्य उगवला, सूर्य मावळला म्हणतो, आणि त्यात खोटं बोलत नाही.

शत्रूच्या निनवे शहराला जायचं टाळून पळालेला योना खरंच माशाच्या पोटात होता का, यावरही दोन बाजू आहेत. त्या नावाचा संदेष्टा २ राजे १४ मध्ये येतो आणि येशूही त्याचा दाखला देतो, म्हणून कित्येक जण तो इतिहास मानतात. इतरांना जनावरांनीसुद्धा गोणपाट पांघरणारं निनवे, एका रात्रीत वाढून सुकणारा वेल आणि प्रश्नावर संपणारी गोष्ट बघून हा रचलेला दृष्टांत वाटतो. कुठल्याही बाजूने वाचा, पण माशापाशी थांबू नका. शेवटच्या ओळीत देव विचारतो, की ज्यांना उजवं-डावं कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं इथं आहेत आणि पुष्कळ गुरंढोरंही, त्यांची मला कीव येऊ नये काय? आपल्या वैऱ्यांचं भलं होताना बघून योनाचं तोंड वाकडं झालंय. माशाच्या वादात हे पान बहुतेकांचं वाचायचं राहतं.

शेवटच्या भोजनात भाकर मोडून देताना येशू म्हणालेल्या "हे माझं शरीर आहे" या चार शब्दांवर तर सोळाव्या शतकातल्या चर्च-सुधारणेचे पुढारीच फुटले. १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. झ्विंग्ली म्हणाला, "आहे" म्हणजे "दर्शवतं". ल्यूथरने खडूने टेबलावर लॅटिनमध्ये ते वाक्य लिहून ठेवलं आणि तिथून हलला नाही. रूपककथांच्या अतिरेकावर टीका करणारा हाच ल्यूथर. कॅथलिकांची शिकवण आणखी वेगळी. आपल्याकडं एकाच नात्यात एक घर कॅथलिक, दुसरं चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं आणि तिसरं एखाद्या नव्या मंडळीचं असतं. लग्नाच्या पंगतीत प्रभुभोजनावरून वाद काढू नका. तुमची मंडळी काय शिकवते ते आपल्या पाळकसाहेबांना विचारा, आणि ती तसं का शिकवते, तेही विचारा.

प्रकटीकरणाबद्दल थोडक्यात: ते सर्वांत शेवटी वाचा. त्यातल्या पशूच्या ६६६ या आकड्याला दर काही वर्षांनी कुणीतरी नवं काहीतरी जोडून मोबाईलवर फिरवतं. रोमन सम्राट नीरो कैसराचं नाव हिब्रू अक्षरांत लिहिलं तर अक्षरांच्या किमतींची बेरीज ६६६ होते, आणि काही जुन्या हस्तलिखितांत आकडा ६१६ आहे, तोही त्याच नावाच्या दुसऱ्या लेखनाशी जुळतो. हे पुस्तक आधी पत्रासारखं त्या सात मंडळ्यांना गेलेलं होतं, त्यांना कळेल असंच ते लिहिलेलं होतं.

सातवी पायरी: प्रतीकाच्या आड लपू नका

माझं मन इथं सर्वांत जास्त गुंततं. शब्दशः वाचण्याचे धोके सगळे सांगतात, पण अवघड वचन आलं की त्याला प्रतीक ठरवून सुटणारे मी त्याहून जास्त पाहिलेत.

लेवीय १९ सांगतं, पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत सगळं कापू नको, खाली पडलेला सरवा वेचू नको, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेव. रूथ ही परकी विधवा बवाजाच्या शेतात हाच सरवा वेचायला गेली होती. सरवा हा शब्द मराठवाड्यात कुणाला समजावावा लागत नाही. भुईमूग काढून झाल्यावर माती उकरत शेंगा गोळा करणाऱ्या बाया सगळ्यांनी पाहिल्यात, आणि त्यांना हाकलणारे मालकही. याच उताऱ्यावर मी एकदा संदेश ऐकला, त्यात सरवा म्हणजे आत्मिक आशीर्वादाचे उरलेले दाणे होते. ऐकणाऱ्यांत पंधरा-वीस एकरवाले बसले होते, सगळ्यांना संदेश आवडला. आमोस ८ मध्ये माप लहान करणाऱ्या आणि तराजूत खोट मारणाऱ्या व्यापाऱ्यांवर देव चिडतो. आपण त्याला मापात पाप म्हणतो. मोंढ्यात काट्यावर पोतं चढवताना जे घडतं, आमोस त्याच्याबद्दल बोलतोय, आणि त्याला दुसरा कुठलाही अर्थ नाही.

उंटाने सुईच्या नाकातून जाणं श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा सोपं, या वचनावर तुम्हाला सांगतील की यरुशलेमेत "सुईचं नाक" नावाचा बुटका दरवाजा होता, उंट गुडघे टेकून त्यातून जायचा. अशा दरवाजाचा त्या काळातला कसलाही पुरावा नाही. आणि सुई ही सुईच होती म्हणून तर शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण होणार तरी कुणाचं?

पुनरुत्थानाचंही तसंच. १ करिंथ १५ मध्ये पौल साक्षीदारांची यादी देतो, पाचशेहून जास्त जणांनी एकाच वेळी पाहिलं आणि त्यातले बरेचसे अजून हयात आहेत असं लिहितो, आणि ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आहे म्हणतो. विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण पौलाला इथं नुसतं प्रतीक म्हणायचं होतं असं वाचता येत नाही.

दोन्ही अर्थ एकाच जागी नांदतात अशीही ठिकाणं आहेत. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती वस्ती वसवली, तिचं नाव बेथेल, म्हणजे देवाचं घर. हे नाव उत्पत्ती २८ मधलं. तिथं घर नव्हतं, भिंत नव्हती. उघड्या माळावर उशाला धोंडा घेऊन झोपलेल्या याकोबाने सकाळी उठून त्या जागेला देवाचं घर म्हटलं. जालन्याच्या वस्तीत मात्र राहायला खरी घरं झाली.

सुरुवात कुठून करायची

शंभर पानी वही घ्या. उतारा वाचला की लिहा: हे काय आहे (गाणं, गोष्ट, कायदा, पत्र), आधी कुणासाठी लिहिलं, अर्थ तिथंच दिलाय का, मला कुठं टोचतं. टोचतं ती जागा टाळून पुढं जाऊ नका, तिथं तारीख घाला आणि महिन्याने परत या. क्रम म्हणाल तर आधी मार्क, एका बैठकीत दीड-दोन तासांत होतो. मग रूथ, मग रोज एक स्तोत्र, मग योना, त्यानंतर उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय.

पण या रविवारी, वही आणायच्या आधी, घरात चार जणांना बसवून २ शमुवेल ११ आणि १२ मोठ्याने वाचा. दावीद राजाने उरियाची बायको घेतली आणि उरियाला लढाईत पुढं करून मारवलं. नाथान संदेष्टा राजाकडं येतो आणि एक गोष्ट सांगतो. गरिबाजवळ एकच मेंढी होती, कोकरू असताना विकत घेतलेली. ती त्याच्या लेकरांबरोबर वाढली, त्याच्या घासातला घास खायची, त्याच्या वाटीतलं प्यायची, त्याच्या कुशीत निजायची. श्रीमंताकडं पाहुणा आला. त्याने आपल्या खिल्लारातल्या एकाही जनावराला हात लावला नाही, त्या गरिबाची मेंढी ओढून नेली आणि कापली. दावीद स्वतः मेंढरं राखून राजा झालेला. त्याला ती घडलेली गोष्टच वाटते, तो संतापतो, असं करणारा मेलाच पाहिजे म्हणतो. सहाव्या वचनाशी थांबा, सातवं वाचू नका. बसलेल्या प्रत्येकाला विचारा, नाथान आता काय बोलेल, आणि त्यांचं बोलून झालं की मग पुढची ओळ वाचा.